अनुभव धागा: जुन्या ट्रकच्या बाजूच्या पट्ट्या न वाकवता कशा काढल्यात?

तापीकाठचा
पारोळ्याच्या अलीकडे एका ढाब्यामागे लांब नाकाचा जुना टाटा मर्सिडीज उभा दिसला. नाकावर मर्सिडीजचा तारा शाबूत, म्हणजे १९६९ च्या आधीचा असावा. दारावरची स्टीलची पट्टी मात्र कुणीतरी डिस्मिस घालून उचकटलेली, रंगाचा पोपडा निघून पत्रा उघडा. मामांचं धुळ्यातलं गॅरेज आठवलं. तिथले मिस्त्री पट्टीला हात लावायच्या आधी दाराच्या आतून हात घालून चाचपायचे. मागे नट आहे, क्लिप आहे, रिबिट आहे की नुसता खिळा, हे कळल्याशिवाय अवजार उचलायचं नाही. आम्हा पोरांना तोवर टॉर्च धरून उभं राहावं लागायचं. तुम्ही कुणी अशा पट्ट्या काढल्या असतील तर लिहा. ट्रक, जीप, टेम्पो, काहीही चालेल.

रावेरकर
तारा बघून साल ठरवू नका हो. टाटा-मर्सिडीजचा करार १९५४ ते १९६९ होता हे बरोबर, पण नंतरच्या गाड्यांनाही हौसेने तारे लावलेले पाहिलेत.
पट्टीचं म्हणाल तर क्लिपवाली असेल तर आधी दोन्ही बाजूंनी रंगावर मास्किंग टेप, दुहेरी. मग प्लास्टिकची पट्टी किंवा जुनं एटीएम कार्ड क्लिपच्या अगदी जवळ सरकवायचं. मधोमध उचललं की पट्टी वाकलीच. थोडं इकडे, थोडं पुढच्या क्लिपपाशी, असं करत जायचं. आमच्या केळीच्या गाडीच्या पट्ट्या अशाच निघाल्या.

भुसावळचे_आप्पा
नट गंजलेला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, सकाळी परत मारा. पाना लावून एकदम जोर नाही. अर्धा आटा सोडवायचा, परत थोडा आवळायचा, परत सोडवायचा. बारीक स्टड असतो, तुटला की नवीन वेल्ड करताना पट्टीचा चमकता भाग काळा पडतो. रेल्वेत आयुष्य गेलं, गंजाशी भांडायचं नसतं.

सुनंदाताई
ट्रक नाही आमच्याकडे 😀 पण लोखंडी कपाटावरची जुनी चिकटपट्टी काढली होती. खोबरेल तेल लावून ठेवलं आणि कापडाने पुसलं. रॉकेलने रंग गेला असता असं आमचे हे म्हणाले. कुकर झाला, येते.

चाळीसगाव_एक्सप्रेस
ताई बरोबर. नंतरच्या चिकटवलेल्या बीडिंगला तेच. आणि आपल्याकडे मे महिन्यात हेअर ड्रायर कशाला, दुपारी गाडी उन्हात लावा, पत्र्याला हात लावता येत नाही, गोंद आपोआप मऊ. मग तंगूसची दोरी दोन्ही हातांत धरून पट्टीच्या मागून करवतीसारखी ओढत न्यायची. मांजा नको, रंग कापतो. उरलेला गोंद बोटाने घोळवून काढा, खरवडू नका.

अमळनेरची_पोर
आमच्या आजोबांच्या ट्रकला लाकडी केबिन होती. बॉडीवाल्याने पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या आणि खिळ्यांची टोकं आतून वाकवलेली. पुढून उपटलं तर लाकूड फुटतं. आतली टोकं सरळ करून, मागून हलकेच ठोकून डोकं वर आणायचं, मग पक्कड. बाबा अजून सांगतात की ती केबिन उन्हाळ्यात भट्टी आणि पावसात गळकी. तरी तिच्यावरून घरात भांडण झालंय, विकायची की नाही 🙄

तापीकाठचा
विकू नका!

शिरपूरवाला
रिबिट असेल तर आधी पंचने मधली तार आत ठोका, मग रिबिटच्या दांड्याइतकाच ड्रिल. मोठा लावला तर भोक सैल होतं. ड्रिल सरकू नये म्हणून डोक्यावर टेप.
आमच्या एका गाडीला एका गॅरेजवाल्याने सरळ पटाशी घातली होती. पट्टी निघाली, सोबत दाराची कडही. त्याचं म्हणणं, रंग तर करायचाच आहे ना.

भुसावळचे_आप्पा
😂 त्याला नमस्कार सांगा.
अजून एक. पट्टी अॅल्युमिनियमची असेल तर धुण्याचा सोडा अजिबात नको, कॉस्टिक तर विसराच, धातू खातो. साबण-पाणी पुरे. आणि अॅल्युमिनियम-लोखंड एकमेकांना टेकून ओल धरली की दोघांच्या मधे गंज-भुकटी होते. परत बसवताना मधे रबर वॉशर द्या.

अमळनेरची_पोर
आप्पा, पट्टीखाली पत्रा नेहमी सडका का निघतो?

भुसावळचे_आप्पा
पाणी शिरतं पण वाळत नाही. धूळ ओल धरून ठेवते. पॉलिश पेपर, मग रेड ऑक्साइड, वाळू द्या, मगच पट्टी.

रावेरकर
काढलेल्या पट्टीवर मागून डावी-उजवी, पुढची-मागची लिहून ठेवा आणि फळीला बांधून ठेवा. काढताना नाही वाकत, उचलून ठेवताना वाकते.

धुयाना_भाऊ
मनाकडे फार्गोनी एक पट्टी पडेल शे. कोनले पाहिजे व्हई ते सांगा.

चाळीसगाव_एक्सप्रेस
फार्गो म्हणजे कुर्ल्याच्या प्रीमियरची ना? वालचंद हिराचंद यांची कंपनी. फार्गो, डॉज, डिसोटो, नावं वेगळी, गाड्या जवळजवळ त्याच. भाऊ, डॉजवाल्यालाही चालेल बहुतेक.

सुनंदाताई
आले परत. भरीत टाकलंय, वांगी मस्त भाजली गेली. ट्रकचं काय झालं?

शिरपूरवाला
ताई पत्ता पाठवा 😋
धुयाना भाऊ, पट्टी किती लांब? लांबीपेक्षा भोकांमधलं अंतर सांगा, तेच जुळायला हवं.

धुयाना_भाऊ
आते मळामा शे. संध्याकाळी मोजसू.