उजनीच्या गाळातलं तांबं: प्रदूषण की मुळातला बेसाल्ट?

भीमथडी:
नमस्कार मंडळी. उजनीच्या फुगवट्यात, भिगवणच्या बाजूला, गाळातले तांबे, जस्त, शिसे, निकेल, क्रोमियम आणि कॅडमियम मोजायचे आहेत. पुणे-पिंपरीचं पाणी मुळा-मुठेतून आणि भीमेतून इथेच येऊन थांबतं. प्रयोगशाळा अ‍ॅक्वा रेजियात (हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांचं मिश्रण) पचन करून, म्हणजे नमुना विरघळवून, आयसीपी-एमएसवर (धातूंचं सूक्ष्म प्रमाण मोजणारं यंत्र) आकडे देणार आहे. भूसंचय निर्देशांक (धातू नैसर्गिक पातळीच्या किती वर आहे ते सांगणारा आकडा) काढताना पार्श्वभूमी, म्हणजे ती नैसर्गिक पातळी, म्हणून शेलची (चिखलापासून बनलेला खडक) जागतिक सरासरी (तांबे ४५, शिसे २०, निकेल ६८ मिग्रॅ/किग्रॅ) धरली तर चालेल ना?

काळाकातळ:
नाही चालणार. चूक दोन्ही बाजूंनी होते, हे त्यातलं वाईट. दख्खनच्या बेसाल्टात तांबं मुळातच १०० च्या आगेमागे किंवा वर असतं, शिसं मात्र बहुधा एक आकडी.

आकडे घालून बघा. सूत्र: लॉग२ [नमुना ÷ (१.५ × पार्श्वभूमी)]. समजा तांबं १४० आलं. शेलच्या ४५ ने निर्देशांक १.०५, म्हणजे ‘मध्यम प्रदूषित’. स्थानिक ११० धरलं तर उणे ०.२४, म्हणजे काहीच नाही. आता शिसं ३६ समजा. शेलच्या २० ने ०.२६, कुणी ढुंकूनही बघणार नाही. स्थानिक ९ ने १.४२. निर्दोष तांब्याला शिक्षा आणि शिसं मोकळं!

स्थानिक पार्श्वभूमी धरणातच मिळते. धरण १९८० चं. पीव्हीसी नळीने उभा गाभा (थर न मोडता काढलेला गाळाचा स्तंभ) काढला की वरचा गाळ लोण्यासारखा, काळपट लागतो. खाली एकदम घट्ट रेगड, मुळ्यांचे तंतू, चुनखडीचे बारीक खडे. ती धरणाआधीची जमीन. मात्र सांध्यालगतचा थर घेऊ नका, निदान २० सेंमी खालचा घ्या. पिंपरीतले कारखाने धरणाहून जुने आहेत, पुराचा गाळ आधीही येत होता. पडताळा म्हणून वरच्या अंगाला, कारखाने नसलेल्या एखाद्या ओढ्याचा बारीक गाळही मोजा.

थरांचं वय काढायला सीझियम-१३७ चा (अणुचाचण्यांतून पडलेला किरणोत्सारी पदार्थ) १९६३ चा शिखरबिंदू इथे शोधू नका, तेव्हा धरणच नव्हतं. शिसे-२१० (हवेतून सतत पडणारं, ठराविक वेगाने क्षय पावणारं किरणोत्सारी शिसं) वापरा.

अकीकखल:
पार्श्वभूमीबद्दल सहमत. पण पचनाचा घोळ राहिलाच. अ‍ॅक्वा रेजियात सिलिकेट पूर्ण विरघळत नाहीत. अ‍ॅल्युमिनियम अर्धवट येतं आणि समृद्धी गुणांकात (नमुन्यातलं धातू ÷ अ‍ॅल्युमिनियम, भागिले पार्श्वभूमीतलं तेच प्रमाण) त्यानेच भागायचं असतं. क्रोमियमही कमी पडतं. तेव्हा नमुना आणि पार्श्वभूमी दोन्ही एकाच पद्धतीने पचवा. एकीकडे अ‍ॅक्वा रेजिया आणि दुसरीकडे पुस्तकातला एकूण आकडा, ही खिचडी नको.

एकूण हवं असेल तर ०.२५ ग्रॅम नमुना, ९ मिली नायट्रिक, ३ मिली हायड्रोफ्लोरिक, टेफ्लॉनच्या बंद भांड्यात मायक्रोवेव्हमध्ये १८०° सें. नंतर बोरिक आम्ल घाला, नाहीतर उरलेलं फ्लोराइड काचेचा नेब्युलायझर (द्रवाचे तुषार करून यंत्रात सोडणारा भाग) खातं. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (हायड्रोफ्लोरिकने भाजल्यावरचा प्रथमोपचार) हाताशी असल्याशिवाय त्याची बाटली उघडायची नाही. प्रत्येक खेपेत कोरा नमुना आणि बीएचव्हीओ-२ हा प्रमाणित बेसाल्ट चालवा. त्यात तांबं १२७, निकेल ११९ च्या जवळ यायला हवं.

भागायला लोह घेऊ नका. टायटॅनोमॅग्नेटाइटची (बेसाल्टातलं लोहयुक्त जड खनिज) काळी वाळू प्रवाहात वेगळी साचते, शिवाय प्राणवायू संपलेल्या गाळात लोह जागा बदलतं.

आणि चाळणी! ६३ मायक्रॉनची, पण नायलॉनची. पितळी चाळणी स्वतःच तांबं-जस्त घालते, स्टीलची क्रोमियम-निकेल. वाळवण ४०° सें. ला, कुटायला अकीकाचा खल.

भीमथडी:
दोघांचेही आभार. मे महिन्यात साठा उणेमध्ये गेला की काठ उघडा पडतो. तिथला भेगाळलेला गाळ उचलला तर होडीचा खर्च वाचेल. चालेल?

काळाकातळ:
वरवरच्या एकूण आकड्याला चालेल, गाभ्याला नाही. भेगांतून वरची माती खाली पडते, थर उलटेपालटे होतात. गाळपेर (पाणी ओसरल्यावर गाळात केलेली पेरणी) झालेली जमीन तर टाळाच, स्फुरदाच्या खतातून कॅडमियम येतं.

अकीकखल:
बीसीआरचं टप्प्याटप्प्याचं निष्कर्षण (धातू गाळात कशाला बांधलेत ते पाहायला एकामागून एक रसायनं लावण्याची ठरलेली पद्धत) करणार असाल तर अजिबात नको. हवा लागली की सल्फाइडला बांधलेलं जस्त, कॅडमियम सुटतं आणि पहिल्याच टप्प्यात, ०.११ मोलर अ‍ॅसेटिक आम्लात, उतरतं. प्रत्यक्षात पाण्याखाली ते तसं नसतं. ओला गाळ नायट्रोजनखाली भरा, डबी काठोकाठ भरून बंद करा, ओलावा वेगळ्या भागावर काढा.