एफएल स्टुडिओ २० वरून नव्या व्हर्जनवर जाताना हलगीचे किट आणि टेम्प्लेट शाबूत राहतात का?

अनगोळ_साउंड

नमस्कार मंडळी. बेळगावात अनगोळला असतो, चित्ररथांचे साउंडट्रॅक करून देतो. बाहेरच्यांसाठी सांगतो: आमच्याकडं शिवजयंती तिथीनं, वैशाख शुद्ध द्वितीयेला. नंतरच्या मिरवणुकीत मंडळं ट्रॅक्टर-ट्रॉलीवर सजीव देखावे करतात. संवाद, घोड्यांच्या टापा, तुतारी, हलगी सगळं आधी रेकॉर्ड केलेलं असतंय, पोरं वर नुसता अभिनय करतात. आणि कार्यकर्ते शेवटच्या रात्रीपर्यंत संवाद बदलत असतात. "अफजलखानाचं हसू अजून जरा मोठं पाहिजे", असे फोन पहाटे तीनला येतात.

जुन्या लॅपटॉपवर विंडोज १०. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि मशीनही आता धापा टाकतंय. भावानं विंडोज ११ चा नवा लॅपटॉप घेऊन दिलाय. संगीत करायचं सॉफ्टवेअर एफएल स्टुडिओ २०, प्रोड्युसर एडिशन, विकत घेतलेलं आहे, त्यामुळं २०२५ चं व्हर्जन फुकटात मिळतंय. काळजी पैशाची नाही, सेटअपची आहे.

एफपीसी, म्हणजे पॅडवर ठोके बसवून वाजवायचा एफएलमधला प्लगइन (आत जोडायचं छोटं सॉफ्टवेअर), त्यात माझा स्वतःचा हलगीचा किट आहे. येळ्ळूरच्या एका वादकाला बसवून, हलगी शेकोटीवर नीट तापवून घेऊन रेकॉर्ड केलेला: जाड काठीचा ठोका, बारीक काडीची थरथर, कडेचा आवाज, आणि प्रत्येकाचे हळू ते जोरात असे थर. हलगी थंड झाली की आवाज उतरतो, म्हणून उतरलेले ठोकेही वेगळे ठेवलेत. त्याशिवाय सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेत रेकॉर्ड केलेलं चौंडकं. ते परत तसं मिळणार नाही.

मग टेम्प्लेट: संवादाचा ट्रॅक वाजला की हलगी-तुतारी आपोआप खाली बसते, असं फ्रूटी लिमिटरचं साइडचेन लावून ठेवलंय. मिडी कीबोर्डचे नॉब जोडलेत. आणि सनईचा एक फुकटचा ३२ बिटचा, म्हणजे जुन्या पद्धतीचा प्लगइन आहे, ज्याची वेबसाइटच आता बंद झालीय.

ज्यानं लॅपटॉप विकला तो दुकानदार म्हणूलाय, "जुनं अनइन्स्टॉल मारतो, डेटा कॉपी करतो, अर्ध्या तासात घेऊन जा." देऊ का त्याच्याकडं?


निपाणी_कीबोर्ड

भावा, तो लॅपटॉप त्याच्या काउंटरवर ठेवूच नकोस. आधी पुढचं वाच.

मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवत म्हातारा झालोय. स्टेजवर टोन लोड झाला नाही की गायक मागं वळून कसा बघतो ते मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून या विषयात मी जरा भित्राच आहे.

पहिली गोष्ट, नवं टाकायला जुनं काढावं लागत नाही. एफएलचं प्रत्येक मोठं व्हर्जन प्रोग्राम फाइल्समध्ये स्वतःच्या वेगळ्या फोल्डरात बसतंय. २० आणि २०२५ एकाच मशीनवर शेजारी शेजारी सुखात राहतात. (१२ नंतर एकदम २० कसं आलं असं विचारत असशील तर, २०१८ ला सॉफ्टवेअरची वीस वर्षं झाली म्हणून त्यांनी आकडा उडी मारून नेला. आता वर्षाचाच आकडा लावतात.) नव्या लॅपटॉपवर दोन्ही टाक. २० चा इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर जपून ठेव.

दुसरी, आणि खरी गोम इथं आहे. तुझं सामान नेमकं कुठं पडलंय ते तुला माहीत आहे का? ऑप्शन्समध्ये जाऊन फाइल सेटिंग्ज उघड. तिथं युजर डेटा फोल्डरचा पत्ता दिसेल. सहसा डॉक्युमेंट्समध्ये इमेज-लाइन नावाच्या फोल्डरात असतोय. प्रीसेट, टेम्प्लेट, प्रोजेक्ट, प्लगइनची यादी, सेटिंग्ज सगळं त्यात. तो अख्खा फोल्डर उचलून ने.

पण आपली पोरं काय करतात, सॅम्पल (रेकॉर्ड केलेल्या आवाजाच्या फाइली) थेट सी ड्राइव्हच्या प्रोग्राम फाइल्समध्ये, एफएलच्याच डेटा, पॅचेस, पॅक्स या फोल्डरात कोंबतात, कारण ब्राउझरमध्ये तेच समोर दिसतंय. ती जागा कंपनीच्या मालाची. नवं व्हर्जन स्वतःचा पॅक्स फोल्डर घेऊन येतंय, तुझी हलगी त्यात नसणार. दुकानदारानं डॉक्युमेंट्स कॉपी केलं आणि बाकी पुसलं तर चौंडकं गेलंच म्हणून समज. आजच बघ.

एफपीसीबद्दल एक लक्षात घे. किट सेव्ह केलास की जी फाइल होते त्यात आवाज नसतोय, आवाज कुठल्या ड्राइव्हवर कुठल्या फोल्डरात आहे एवढंच असतंय. लग्नपत्रिकेवर कार्यालयाचा पत्ता असतो तसं. कार्यालय कुणी पाडलं तर पत्रिका घेऊन कुठं जाणार? प्रोजेक्टच्या फाइलीचंही तेच. म्हणून जुन्यावर सॅम्पल डी ड्राइव्हवर असतील आणि नव्यावर ती डिस्क ई म्हणून आली, तर सगळे पॅड मुके. यावर मी करतो ते असं: सगळे सॅम्पल एका बाहेरच्या एसएसडीवर, आणि विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला कायमचं एस हे अक्षर देऊन टाकायचं. मशीन कुठलंही असो, एस म्हणजे सॅम्पल. शिवाय फाइल सेटिंग्जमध्येच खाली ब्राउझरचे जादा फोल्डर जोडायची सोय आहे, तिथं तो फोल्डर घाल. सॅम्पल सापडलं नाही तर एफएल तिथं शोधतंय.

चालू कामांसाठी एक्स्पोर्टमधून झिप्ड लूप पॅकेज काढ. त्यात प्रोजेक्टबरोबर त्याचे सॅम्पलही बांधून येतात. प्लगइन येत नाहीत, ते वेगळं.

विंडोज ११ वर अजून एक. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं सुरू केलं की बऱ्याचदा डॉक्युमेंट्स फोल्डर गुपचूप वनड्राइव्हमध्ये जातोय. मग जागा मोकळी करायच्या नादात काही फाइली नुसत्या नावाला मशीनवर राहतात, उघडताना इंटरनेटवरनं उतरतात. मिरवणुकीच्या रात्री मंडपात कुठलं इंटरनेट? युजर डेटा फोल्डर वनड्राइव्हच्या बाहेर ठेव, फाइल सेटिंग्जमधून पत्ता बदलता येतोय.

नॉबचं म्हणशील तर, साध्या लिंक टू कंट्रोलरनं जोडलेले असतील तर ते प्रोजेक्टमध्येच सेव्ह असतात, टेम्प्लेटबरोबर येतील. साइडचेनही तसंच.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं. पोच झालेलं प्रत्येक काम वेव्हमध्ये काढताना 'स्प्लिट मिक्सर ट्रॅक्स' वर टिचकी मार. संवाद, हलगी, तुतारी, टापा सगळे वेगळे, सगळे शून्यापासून सुरू. अजून दहा वर्षांनी एफएल असो नसो, त्या फाइली कशातही उघडतील. सेटअप जपा म्हणून सगळे सांगतात, पण मंडळाला पुढच्या वर्षी तुझा सेटअप नको असतोय, तोच आवाज पाहिजे असतोय.


अथणी_रीपर

निपाणीच्या काकांनी बहुतेक सगळं सांगितलंय. माझं शिक्षण कानडी शाळेत झालंय, तेव्हा लिहिण्यात चूक असली तर सांभाळून घ्या.

मी एक विचारतो. तुमच्या फोल्डरांची नावं कुठल्या लिपीत आहेत? आमच्या भागात निम्मे सॅम्पल मराठी नावाचे, निम्मे कानडी. मी दिलेले असतील तर कानडीच. एफएल आणि विंडोजला त्याची अडचण नाही. पण ३२ बिटचे जुने प्लगइन पुष्कळदा युनिकोड (सगळ्या लिपींची एकच अक्षरपद्धत) येण्याआधीच्या पद्धतीनं लिहिलेले असतात. देवनागरीला आणि कानडीला विंडोजमध्ये त्या जुन्या पद्धतीचं कोडपेज, म्हणजे अक्षरांचा तक्ता, कधी नव्हतंच. मग तो प्लगइन 'हलगी' च्या जागी नुसती प्रश्नचिन्हं वाचतो आणि फाइल नाही म्हणून सांगतो. सनईचा प्लगइन स्वतःचे आवाज बाहेरच्या फोल्डरातून उचलत असेल तर तो फोल्डर आणि त्याच्या वरचे सगळे फोल्डर इंग्रजी अक्षरांत ठेवा. विंडोजच्या खात्याचं नावसुद्धा. नव्या लॅपटॉपवर खातं उघडताना हौसेनं मराठीत नाव टाकू नका, पत्त्यात तेच नाव येऊन बसतंय.

नाव बदलाल तर हलवाहलवीच्या आधी जुन्या मशीनवर बदला, किट तिथंच नव्या पत्त्यानं परत सेव्ह करा, वाजवून बघा, मग न्या. दोन बदल एकदम केले तर काय बिघडलं ते कळत नाही.

मी स्वतः रीपर या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर असतो. तिथं हा विषय सोपा आहे: पोर्टेबल इन्स्टॉल केलं की प्रोग्राम आणि सगळी सेटिंग्ज एकाच फोल्डरात, फोल्डर कॉपी केला की झाली बॅकअप. पण चित्ररथाच्या तोंडावर सॉफ्टवेअर बदला म्हणणारा माणूस मी नव्हे.


खानापूर_ते_पुणे

एबल्टन लाइव्ह हे तिसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याचं दोन ओळींत. लाइव्ह १२ मध्ये सेव्ह केलेला सेट ११ मध्ये उघडत नाही, एफएलमध्येही नव्याची फाइल जुन्यात उघडेल याचा भरवसा धरू नये. म्हणून नव्यात उघडलं की पहिलं काम 'सेव्ह अ‍ॅज', नावापुढं व्हर्जनचा आकडा. मूळ फाइल तशीच राहू दे.

आणि सीझनमध्ये अपग्रेड कसला करतोस? मिरवणूक होऊ दे, ट्रॉल्या परत जाऊ दे, मग शांतपणे कर.


अनगोळ_साउंड

@खानापूर, थांबलो असतो, पण जुन्याचा पंखा आता हलगीपेक्षा मोठ्यानं वाजतोय. रेकॉर्डिंगमध्ये येतोय.

@निपाणी काका, तुम्ही म्हटलेलं तंतोतंत. चौंडकं युजर फोल्डरात होतं, पण हलगीचे तापलेले ठोके प्रोग्राम फाइल्समधल्या पॅक्समध्ये सापडले, थंड ठोके डेस्कटॉपवर. सगळं एसएसडीवर एका जाग्याला आणलं, अक्षर एस. अथणीच्या भावानं सांगितल्याप्रमाणं जुन्यावरच नावं बदलली, किट परत सेव्ह केला. नव्यावर २० आणि २०२५ दोन्ही घातले. हलगी दोन्हीकडं वाजली. टेम्प्लेटही जसंच्या तसं आलं, संवाद लागला की हलगी खाली बसते.

सनई तेवढी राहिली. डीएलएल फाइल नव्यावर नेली, प्लगइन मॅनेजरमधून तिचा फोल्डर दाखवून स्कॅन केलं. एफएलच्या ब्रिजमधून (३२ बिटचे प्लगइन चालवायची सोय) उघडते, वाजतेही. पण प्रोजेक्ट बंद करून परत उघडला की कधी कधी सुरुवातीचाच टोन येतोय, मी लावलेला नाही. हिच्यावर विसंबू का?


निपाणी_कीबोर्ड

नको. ज्या प्लगइनचा मालकच उरला नाही त्याची दुरुस्ती कोण करणार? अजून वाजतोय तोवर त्याचा आवाज काढून घे. जुन्या लॅपटॉपवरच कर, तिथं टोन बरोबर लागतोय. तू सनई जेवढ्या पट्टीत वापरतोस तेवढे स्वर एकेक करून लांब वाजव, रिव्हर्ब बंद ठेवून वेव्हमध्ये घे, आणि सॅम्पलरमध्ये बसव. फाइलीच्या नावात स्वर लिही, नाहीतर नंतर कोमल गंधार शोधत बसशील.

मात्र नुसते सुटे स्वर घेतलेस तर सनई पेटीसारखी तुटक वाजेल. तुझ्या ट्रॅकमध्ये ज्या दोन-चार जागा नेहमी येतात, महाराजांच्या आगमनाची वगैरे, त्या मींडीसकट आख्ख्या वाजवून वेगळ्या काढ. लय बदलली तर ताणायला लागतील म्हणून मूळ बीपीएम (मिनिटाला किती ठोके) फाइलीच्या नावातच घाल.


अनगोळ_साउंड

आगमनाची, राज्याभिषेकाची आणि पालखीची अशा तीन जागा आहेत. आज रात्री काढून घेतो. दुकानदाराचा दोनदा फोन येऊन गेला, लॅपटॉप आणून देतोस का म्हणून. उचलला नाही.