शब्दचर्चा : 'परवानगी नाही' म्हणजे नेमकं काय नाही?

धुऱ्यावरचा
घरच्या विंडोज कॉम्प्युटरवर फाईल उघडत नाही किंवा बदलता येत नाही तेव्हा काय करायचं, याचं गावातल्या लोकांना देता येईल असं एक पानी मराठी माहितीपत्रक करायचं आहे. अडलं आहे ते शब्दांवर. 'ॲक्सेस इज डिनाइड', 'ओनर', 'ॲडमिनिस्ट्रेटर', 'रीड-ओन्ली' यांना काय लिहावं? जिथं-तिथं 'परवानगी' लिहिलं की काम भागतं असं वाटतं, पण मग मदत मागणाऱ्याचं वाक्य असं येतं : "भाऊ, फाईल उघडूनच नाही रायली, परवानगी मांगते." यावरून बिघाड कोणता, ते काही कळत नाही. 'अनुमती' पुस्तकी वाटतो. 'मुभा' कसा वाटतो?

मेळघाटकर
'मुभा' नको. मुभा म्हणजे सूट, सवलत. इथं सवलतीचा प्रश्न नाही. 'परवानगी' ठेवा, फक्त ती एकाच बिघाडाला द्या. आज चार वेगळे बिघाड त्या एका शब्दात कोंबले जातात. विंडोज स्वतः मात्र त्यांना वेगवेगळे आकडे देते :

५ – नकार. तुमच्या खात्याला त्या फाईलवर हक्क नाही. खरी 'परवानगी नाही' ती हीच.
३२ – फाईल दुसऱ्या प्रोग्रामने धरून ठेवली आहे.
१९ – पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्डावर लिहायलाच बंदी आहे.
१३९२ – फाईल किंवा फोल्डर खराब झालं आहे, वाचता येत नाही.

आकडा दरवेळी पडद्यावर दिसत नाही. पण अपडेट अडलं की शून्य-एक्सने सुरू होणारा लांब आकडा येतो, त्याचं शेपूट बघायचं. ८००७०००५ असेल तर तो ५. ८००७००२० असेल तर तो २० नसून ३२ असतो, कारण ती मोजणी सोळाच्या पटीतली आहे : दोन सोळे बत्तीस.

पानझड
३२ ला आपल्याकडं 'फाईल अडकली' म्हणतात आणि तोच शब्द बरोबर आहे. 'मोकयी कर' म्हटलं की समजते. 'लॉक' लिहू नका, लोक पासवर्ड शोधत बसतात.

त्यातला एक प्रकार इकडं जास्त. लाइन गेली, इन्व्हर्टर नव्हता आणि एक्सेलची फाईल उघडी होती. लाइन आल्यावर फाईल उघडली तर 'लॉक्ड फॉर एडिटिंग' आणि पुढं स्वतःचंच नाव! हा परवानगीचा मामला नाही. एक्सेल आणि वर्ड फाईल उघडताना शेजारी एक बारीकशी लपलेली फाईल करतात, तिच्या नावाच्या सुरुवातीला नागमोडी रेघ आणि डॉलरचं चिन्ह असतं. कॉम्प्युटर एकाएकी बंद पडला की ती मागं राहून जाते. एक्स्प्लोररमध्ये व्ह्यूमधून 'हिडन आयटम्स' दाखवा, एक्सेल पूर्ण बंद आहे याची खात्री करा, मग तेवढी बारीक फाईल डिलीट करा. मूळ फाईलला हात लावू नका.

दुसऱ्या प्रोग्रामने धरलेली असेल तर विंडोजमधलाच 'रिसोर्स मॉनिटर' हा प्रोग्राम उघडा, सीपीयूच्या पानावर 'असोसिएटेड हँडल्स' समोरच्या चौकटीत फाईलचं नाव टाका. कोणी धरली ते नावासकट दिसते. बरेचदा एक्स्प्लोररच्या उजवीकडचा प्रीव्ह्यूच धरून असतो. ऑल्ट आणि पी दाबून तो बंद होतो.

लिपिक
१९ साठी 'लेखनबंदी' सुचवतो. कार्डाच्या कडेला बारीक खटका असतो, तो खाली सरकला असेल तर वर करा. पेन ड्राइव्हला बहुधा खटका नसतो. तिथं अचानक लेखनबंदी आली तर ड्राइव्हची आतली चिप थकली असण्याची शक्यता मोठी. आहे तो डेटा वाचता येतो तोवर काढून घ्या. फॉरमॅटच्या मागं लागू नका, तेही लिहिणंच आहे.

'रीड-ओन्ली' ही टिक मात्र लेखनबंदी नव्हे. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये त्या चौकटीत टिकऐवजी भरीव ठिपका दिसतो, काढला तरी परत येतो. फोल्डरच्या बाबतीत विंडोज ती खूण वेगळ्याच कामाला वापरते. तिच्याशी झटापट करण्यात अर्थ नाही. एकट्या फाईलवर असेल तर टिक काढली की झालं.

धुऱ्यावरचा
म्हणजे नकार, अडकली, लेखनबंदी, खराब. चालतील. आता 'ओनर'. मालक लिहिलं तर वाचणारा म्हणतो, कॉम्प्युटर माझा, पैसे मी दिले, मग मालक दुसरा कसा?

मेळघाटकर
मालकच लिहा, आणि सातबाऱ्याचा दाखला द्या. वावर ज्याच्या नावावर आहे तोच ते वाहतो असं नाही. वाहणारा बटईवाला असतो. फाईलीतही मालकी आणि वापराचा हक्क या दोन वेगळ्या नोंदी आहेत. मालकाला फाईल उघडायचा हक्क नसू शकतो, पण हक्काची नोंद बदलायचा हक्क त्याला कायम असतो. म्हणून दुरुस्तीचा क्रम ठरलेला आहे : आधी मालकी, मग हक्क.

जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क नव्याला जोडली की हे हमखास लागतं. विंडोज नावाने ओळखत नाही, प्रत्येक खात्याला एस-१-५-२१ ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक असतो. नव्या विंडोजमध्ये तेच नाव टाकलं तरी क्रमांक नवा. त्यामुळे सिक्युरिटीच्या पानावर नावाच्या जागी 'अननोन अकाउंट' आणि तो क्रमांक दिसतो.

रीत अशी. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड. वरच्या ओळीत ओनरसमोर 'चेंज'. आपलं खातं लिहून 'चेक नेम्स'. ओके केल्यावर खाली 'रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स' ही टिक लावा, नाही तर मालकी फक्त वरच्या फोल्डरची बदलते आणि आतले फोटो तसेच अडून राहतात. अप्लाय, ओके, आणि सगळ्या खिडक्या बंद करा. मग पुन्हा ॲडव्हान्स्ड उघडून 'ॲड' करा, आपलं खातं निवडा आणि 'फुल कंट्रोल' द्या. बंद न करता पुढं गेलात तर यादी जुनीच दिसते आणि लोकांना वाटते काही झालंच नाही.

खात्याचं नाव चुकतं ते वेगळंच. ईमेलने विंडोज सुरू केलेलं असेल तर आतलं नाव ईमेलच्या पहिल्या पाच अक्षरांचं असू शकतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'हू ॲम आय' सलग, जागा न सोडता, इंग्रजीत टाइप करा. तिरक्या रेघेनंतर येतं ते तुमचं खरं नाव.

पानझड
दोन ठिकाणी ही रीत वापरायची नाही, हे ठळक लिहा जी. एक, विंडोजचं स्वतःचं फोल्डर. तिथल्या पुष्कळ फाईलींचा मालक 'ट्रस्टेडइन्स्टॉलर' हे विंडोजचं आतलं खातं असतं, ते तसंच राहू द्या. दोन, फाईलीच्या चित्रावर कुलूप दिसत असेल तर. ती ईएफएसने, म्हणजे विंडोजच्या फाईल सांकेतिक करायच्या सोयीने, सांकेतिक केलेली असते. मालकी घेऊन ती उघडत नाही, जुन्या खात्याचं डिजिटल प्रमाणपत्रच लागतं. इथं 'कुलूप' हा शब्द राखून ठेवा, बाकी कुठं वापरू नका.

लिपिक
'ॲडमिनिस्ट्रेटर' ला 'प्रशासक' लिहिलं जातं. गावात प्रशासक म्हणजे ग्रामपंचायतीची मुदत संपल्यावर येऊन बसतो तो साहेब. अर्थ फार दूर नाही, पण घरच्या कॉम्प्युटरला विचित्र वाटतं. सरळ 'ॲडमिन' ठेवावं.

समजवायची गोष्ट निराळी आहे. खातं ॲडमिनचं असलं तरी त्यातून उघडलेला प्रोग्राम साध्याच अधिकाराने चालतो. विस्टापासून, म्हणजे २००७ पासून, असंच आहे. म्हणून पडदा काळवंडून 'येस-नो' विचारलं जातं. 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणजे तेवढ्या वेळेपुरता वाढीव अधिकार. मला 'वाढीव अधिकार' हाच शब्द योग्य वाटतो.

पण तो औषधासारखा रोज देऊ नका. वाढीव अधिकाराने उघडलेल्या खिडकीत साध्या एक्स्प्लोररमधून फाईल ओढून टाकता येत नाही, मग नवीनच तक्रार. जुनं हिशोबाचं सॉफ्टवेअर प्रोग्राम फाईल्समध्ये आपला डेटा लिहायला जातं, तिथं साध्या अधिकाराला लिहिता येत नाही. काही वेळा विंडोज तो डेटा गुपचूप 'व्हर्च्युअलस्टोअर' मध्ये, म्हणजे त्या एकाच खात्याच्या लपलेल्या फोल्डरमध्ये, ठेवते, आणि घरातला दुसरा माणूस आपल्या खात्यातून बघतो तर कालच्या कापसाच्या पट्ट्या गायब. उपाय एकच : ते सॉफ्टवेअर सी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डर करून तिथं टाका आणि फक्त त्या फोल्डरवर 'यूजर्स' ला 'मॉडिफाय', म्हणजे बदल करायचा हक्क, द्या.

धुऱ्यावरचा
१३९२ राहिला.

मेळघाटकर
तो 'खराब'. लाइन सारखी जाते-येते तिथं डिस्कवरची नोंद अर्धवट राहते. कमांड प्रॉम्प्टमध्ये चेकडिस्क, म्हणजे 'chkdsk d: /f', चालवायचं (डीच्या जागी त्या ड्राइव्हचं अक्षर), पण आधी महत्त्वाच्या फाईली उतरवून घ्या. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर चेकडिस्क चालवूच नका, मरत्या डिस्कवर ते भारी पडते.

पानझड
आणि 'इनहेरिटन्स' ला 'वारसा' बरोबर आहे, वरच्या फोल्डरचे हक्क खालच्याला आपोआप मिळतात. पत्रकात एवढं टाका : फाईल एकाच ड्राइव्हवर इकडून तिकडं हलवली तर ती बहुधा जुनेच हक्क घेऊन जाते, कॉपी केली तर नव्या जागेचा वारसा मिळतो. दादाच्या डॉक्युमेंट्समधून ताईसाठी 'पब्लिक' फोल्डरमध्ये द्यायची असेल तर कट नको, कॉपी करा. आणि कोणी वैतागून 'एव्हरीवन' ला, म्हणजे सगळ्यांना, 'डिनाय' (मनाई) लावून ठेवलं असेल तर ते आधी काढा. एकाच पातळीवर दोन्ही असतील तर 'डिनाय' पुढं 'अलाव' (मंजुरी) चालत नाही, आणि 'एव्हरीवन' मध्ये तुम्हीही येता.