१५ वर्षांवरच्या गाडीचं पासिंग: गंज कोण बघणार?

खानापूर_८००
मंडळी, विषय वादाचा आहे, मोकळं बोला. आपल्या खाजगी कारची आरसी, म्हणजे नोंदणी, १५ वर्षांची असते, मग फॉर्म २५ भरून गाडी आरटीओत दाखवायची की पुढची ५ वर्षं मिळतात. मधल्या १५ वर्षांत गाडीकडं सरकारतर्फे कोण बघतंय? पीयूसीवाला, आणि तो फक्त सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर बघतो. १५ वर्षांनी पासिंगला नेली की चॅसी नंबर, लाइट, हॉर्न, नंबरप्लेट बघतात. गाडीखाली वाकून टॉर्च मारलेला इन्स्पेक्टर मी तरी बघितला नाही.

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात, जांबोटी-कणकुंबी-चोर्ला पट्ट्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत गाडी वाळतच नाही. लाल चिखल चाकाच्या कमानीत जाऊन बसतो तो दिवाळीपर्यंत तिथंच. शेजारच्यांच्या मारुती ८०० चं चाक बदलायला जॅक लावला तर गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच आत घुसला, दारांच्या खालचा पत्रा पापडासारखा मोडला. वरून गाडी चकाचक, पॉलिश मारलेली, आणि त्याच गाडीतून घरातली पाच माणसं आंबोली घाटातनं सावंतवाडीला लग्नाला जाऊन आलेली!

माझं म्हणणं एवढंच, १० वर्षं झाली की दरवर्षी गाडी लिफ्टवर घेऊन खालून तपासणी सक्तीची करा. वयावरून भंगारात काढू नका, पत्रा कुजलाय का ते बघा आणि त्यावरून ठरवा.

अथणीकर
साफ विरोध. तुमच्या खानापुरात पाऊस पडतो म्हणून आम्ही अथणीवाल्यांनी दरवर्षी लाइनीत उभं राहायचं काय? आमच्याकडं पाऊस किती कमी, तुम्हाला माहीत आहे. माझ्या वडिलांची जुनी गाडी अजून आहे, काळी माती लागते खरं ती वाळून झडून जाते, खाली गंजाचा ठिपका नाही. आणि खर्चाचं बोला की जरा. १५ वर्षांवरच्या कारची आरसी वाढवायला ६०० रुपये लागायचे, १ एप्रिल २०२२ पासून ५००० झाले, २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाडीला १०,००० केले. त्यात तुम्ही वर्षाला अजून एक फी मागून घेताय. ज्याच्याकडं नवीन गाडीचे पैसे आहेत तो जुनी कशाला ठेवेल? जुनी गाडी गरिबाचीच असते.

वर्दीवाला_ओम्नी
अथणीकर अण्णांशी सहमत. माझी पिवळी प्लेट आहे, म्हणजे भाड्याची गाडी, आम्हाला फिटनेसची तपासणी आहेच की. गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. म्हणजे तुम्ही मागूलालाय ते आम्ही कधीपासून भोगूलालोय. काय होतंय सांगू? पासिंगच्या आदल्या आठवड्यात पेंटरकडं गाडी लावायची, भोकात लांबी (पुट्टी) भरायची, वरून कलर, खालून काळा अंडरकोट फासायचा, रेडियमच्या पट्ट्या चिकटवायच्या, एजंटाच्या हातात फाइल द्यायची. झालं पासिंग. गंज तिथल्या तिथंच, उलट काळ्या कोटाखाली झाकला जातोय. दिवसाचा धंदा बुडतो तो वेगळाच. खाजगीवाल्यांनाबी हेच करायला लावणार असाल तर फायदा पेंटरचा आणि एजंटाचा. आणि हंगामात रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागं लाल दिवा नसताना हायवेला चालतात, त्या आधी थांबवा, मग आमच्या पत्र्याकडं बघा.

उद्यमबाग_पत्रेकाम
मी पत्र्याचंच काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. सगळा गंज सारखा नसतो आणि इथं सगळे एकत्रच बोलायलेत.

दारावर, बॉनेटवर, मडगार्डच्या कडेला फुगा आलाय तर तो दिसायला वाईट, बाकी काही नाही. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो म्हणून खालून रंग उचलला जातो आणि फुगा दिसतो, म्हणजे तुम्हाला बाहेर दिसेपर्यंत आतलं काम झालेलं असतं. खरं तेवढ्यावरून गाडी नापास करणं अन्यायच आहे.

जीपला, ट्रॅक्सला खाली जाड चॅसी असते, वरचा पत्रा कुजला तरी सांगाडा उभा राहतो. ८००, अल्टो, ओम्नी यांना वेगळी चॅसीच नाही, बॉडी हाच सांगाडा. दाराखालची पोकळ पट्टी, फ्लोअर, पुढच्या सस्पेन्शनचा वरचा माउंट (जोडायची जागा), मागच्या सस्पेन्शनचे माउंट, सीटबेल्टचा बोल्ट जिथं बसतो ती जागा, आणि ब्रेकचे लोखंडी पाइप. ह्या जागा गेल्या तर विषय संपला. सीटबेल्ट लावला आणि बोल्टसकट पत्राच उपटून आला तर बेल्टचा काय उपयोग? ब्रेकचा पाइप क्लिपच्या खाली गंजतो, क्लिप काढल्याशिवाय दिसत नाही, आणि जोरात ब्रेक दाबला की नेमका तेव्हाच फुटतो कारण प्रेशर तेव्हाच सगळ्यात जास्त असतं.

दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती चिखलानं बुजतात, पाणी आतच राहतं. वर्षाला दोनदा एक तार घालून ती मोकळी करा आणि पावसाळा संपला की खालून प्रेशरनं धुऊन घ्या, निम्मा गंज थांबेल. आणि ओल्या पत्र्यावर, गंज न घासता अंडरकोट मारून घेऊ नका. आत ओल कोंडते आणि पत्रा दुप्पट वेगानं जातो. वर्दीवाले दादा बोलले ते अगदी खरं आहे.

तपासणी पाहिजे का? पाहिजे. एका गाडीला लिफ्टवर पंधरा मिनिटं लागतात, हातात पत्रा टोचून बघायला एक टोकरणी आणि टॉर्च, बास.

शहापूरची_अनघा
मी पत्रेकामवाल्या दादांच्या बाजूनं. आम्ही किनारपट्टीवरून आलेली सेकंडहँड गाडी घेतली, डीलर म्हणाला एकहाती आहे, कंपनीत सर्व्हिस झालेली आहे. खालून नवी कोरी काळीकुळकुळीत, मला तर तेच बघून बरं वाटलं होतं. पहिल्याच पावसाळ्यात मुलीच्या पायाखालचं मॅट ओलं व्हायला लागलं. मॅट उचललं, खालचा फेल्ट उचलला, आणि बोटभर भोकातून रस्ता दिसतोय. तिथं माझी सात वर्षांची मुलगी पाय ठेवून बसत होती हो! कागद सगळे बरोबर, एनओसी (ना-हरकत दाखला) बरोबर, टॅक्स भरलेला, इन्शुरन्स चालू. एकाही कागदावर गाडीच्या खालच्या बाजूबद्दल एक ओळ नाही. घेणाऱ्यानं कशावर विश्वास ठेवायचा? गरिबाचा विचार करा म्हणता ना अथणीकर, अशी गाडी शेवटी गरिबाच्याच गळ्यात मारली जाते.

अथणीकर
ताई, तुमच्यावर अन्याय झालाय हे शंभर टक्के मान्य. खरं ती विक्रीची फसवणूक आहे. विकताना तपासणी सक्तीची करा, मी पहिला सही करतो. जो माणूस स्वतःची गाडी स्वतः वापरतोय त्याच्या मागं का लागायचं?

लेस्टरहून_बेळगावकर
मी सध्या इंग्लंडमध्ये आहे. इथं गाडी ३ वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी नावाची तपासणी असते आणि त्यात गंजाचा नियम अगदी स्पष्ट आहे. सस्पेन्शन, स्टिअरिंग, सीटबेल्ट यांच्या माउंटपासून ३० सेंटिमीटरच्या आत सांगाड्याचा पत्रा कुजून कमजोर झाला असेल तर नापास. दारावरच्या गंजाला कोणी विचारत नाही, फक्त हाताला कापेल अशी धार नसावी. भोक पडलं असेल तर नवा पत्रा वेल्ड करूनच आणायचा, सांगाड्यावर लांबी भरलेली चालत नाही. आणि तपासणी सरकारी ऑफिसात नाही, परवाना दिलेल्या गॅरेजमध्येच होते. १८ वर्षांची गाडी पास झाली तर बिनधास्त चालवा, वय कोणी काढत नाही.

वर्दीवाला_ओम्नी
साहेब तिकडं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून गंज जास्त आणि म्हणून नियम. आपल्याकडं कुठं मीठ टाकतात? आणि गॅरेजवालाच तपासणार आणि गॅरेजवालाच दुरुस्त करणार म्हटल्यावर चांगला पत्रा पण कुजलाय म्हणून सांगेल की.

निपाणीकर
मीठ नाही खरं पूर आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ ला वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं, आमच्या भागातल्या कितीतरी गाड्या खिडकीपर्यंत पाण्यात होत्या. लोकांनी इंजिन धुतलं, सीट उन्हात वाळवल्या, गाडी चालू झाली. पोकळ पट्ट्यांत गेलेला गाळ कोणी काढला? तो आत ओल धरून बसतो. त्या गाड्या आज कुठं ना कुठं कुणाच्या तरी दारात आहेत.

दुसरं, आम्हा सीमेवरच्यांची अडचण कुणीच मांडत नाही. एमएच ०९ (कोल्हापूर) ची गाडी निपाणीत, केए २३ (चिकोडी) ची गाडी कागलात, सगळी सरमिसळ. १२ महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात ठेवली की नंबर बदलून घ्यायचा, एनओसी आणा, इथला टॅक्स भरा. बरेच जण त्या खर्चाला भिऊन बदलतच नाहीत आणि १५ वर्षं झाली की गाडी तशीच विनाकागद गावात फिरते. तपासणी सक्तीची केली तर ह्या गाड्या तपासणीला येणारच नाहीत, आणि त्याच सगळ्यात कुजलेल्या.

खानापूर_८००
निपाणीकर, म्हणूनच मी तपासणी आणि आरसी वेगळी ठेवा म्हणतोय. गाडीचा नंबर कुठलाही असो, खालून बघून एक दाखला द्या, टॅक्सचं त्यात काढूच नका. वर्दीवाल्या दादांसाठी, एका गॅरेजनं तपासायचं आणि काम दुसऱ्यानं करायचं हा नियम घाला. फी दोन-तीनशेच्या वर नको. अथणीकर, तुमची गाडी स्वतःची असली तरी समोरून येणारा मी असतो ना, तुमचा ब्रेक पाइप फुटला तर मला लागणार.

अथणीकर
समोरच्याचं पटलं. तरी दरवर्षी नको. कोरड्या तालुक्यांना तीन वर्षांनी एकदा, आणि तालुक्याला एक लिफ्ट बसल्याशिवाय दंडाची भाषा नको. त्याच्याआधी सक्ती आली तर मी विरोधातच असणार.

उद्यमबाग_पत्रेकाम
अथणीकर अण्णा, कधी बेळगावला आलात तर वडिलांची गाडी घेऊन या, मागच्या सस्पेन्शनचे माउंट आणि ब्रेकचे पाइप बघून देतो. कोरड्या भागात क्लिपखालचे पाइप गेलेले मी बघितलेत.