डिस्कस खात नाहीत, काळे पडलेत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बेळगावात वडगावला राहतो. 200 लिटरच्या टाकीत सहा डिस्कस (गोड्या पाण्यातले शोभेचे मासे) होते, काल एक गेला. पोरगी रात्रभर टाकीपाशी बसून होती.

चार महिने मासे झकास होते. नळाचं पाणी दोन दिवस साठवून, क्लोरीन उडवून घालत होतो. गेल्या पंधरवड्यात नळ आला नाही, म्हणून पाणी बदलताना बोअरचं घातलं. तिथेच चुकलं असं वाटतं. आमच्या बोअरच्या पाण्याने भांड्यांवर पांढरे डाग पडतात, इतकं ते जड आहे. पाण्याचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा) 6.8 होता, आता 7.8 दाखवतोय. अमोनिया, नायट्राइट (माशांच्या घाणीतून होणारी विषं) शून्य. हीटर 29 वर आहे, पण परवा रात्री लाइट गेली आणि पहाटे पाणी 24 वर आलं होतं.

दोन मासे कोपऱ्यात तोंड करून उभे असतात. विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी. हे पोटातले जंतू की नुसता पाण्याचा धक्का? मेट्रोनिडाझोल (जंतूंवरचं औषध) द्यायचं तर खाण्यातून की पाण्यात, मासे तर तोंडच लावत नाहीत? आणि आरओचं पाणी मिसळून पीएच किती दिवसांत खाली आणू? एकदम उतरवायला भीती वाटते.

कुणी डिस्कस सांभाळले असतील तर आजच सांगा.