अनुभव धागा: ब्लॉगवर जाहिरात लावायची, पण वाचक जाता कामा नये

कुळागर

नमस्कार मंडळी, गोव्यात बसून मराठीत ब्लॉग लिहिणारे आपण बरेच जण आहोत, कोणी जेवणावर लिहितं, कोणी जत्रेतल्या नाटकांवर, कोणी देवळांवर, कोणी रानातल्या झाडापेडांवर. डोमेन-होस्टिंगचं बिल दरवर्षी येतंच, फिरायला पेट्रोल लागतं, तेव्हा जाहिरात लावावी असं प्रत्येकाला कधी ना कधी वाटतं आणि मग हात अडतो, कारण जमवलेला वाचक एकदा गेला की सहसा परत येत नाही. तर इथे थिअरी नको. तुमच्या पानावर काय लावलं, कुठे लावलं, काय काढलं आणि वाचक काय म्हणाले ते लिहा. नुसते वाचक असाल तरी लिहा, तेच जास्त हवंय.

माझ्यापासून सुरू करतो. मी गावच्या जमिनी, डोंगर, शेतं यावर लिहितो. गुगलच्या ॲडसेन्समधून ऑटोमॅटिक जाहिराती (ऑटो ॲड्स) चालू केल्या आणि पेडण्यातल्या डोंगरकापणीच्या लेखात तिसऱ्या परिच्छेदाखाली आलं 'सी-व्ह्यू व्हिला, बुकिंग सुरू'. वर कापलेल्या लाल मातीचा फोटो, खाली निळा स्विमिंग पूल. यात सिस्टिमचं काही बिघडलेलं नसतं, ती लेखातले शब्द बघते, वाचणारा कुठे बसलाय ते बघते, आणि गोवा, जमीन, डोंगर, प्लॉट एवढं एका पानावर सापडलं की त्या जाहिरातीच्या जागेसाठी बोली लावायला बिल्डर पुढे असणारच. पण वाचकाला हे कशाला ठाऊक असेल? एका वयस्कर वाचकांनी मेल करून सरळ विचारलं, 'तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने?'

सेटिंगमध्ये ब्लॉकिंग कंट्रोल्स असतात, तिथे जाऊन रिअल इस्टेटची कॅटेगरीच बंद केली. मग कॅसिनोसारखे गेम बंद केले, मांडवीतल्या कॅसिनोंवर मी लिहितो, त्याच पानावर पत्ते दिसलेले मला चालणार नाहीत. झटपट श्रीमंत करणारे गेले, ज्योतिषवाले गेले. तरी एखादा बिल्डर दुसऱ्याच कॅटेगरीतून आत शिरतो, मग त्याचा पत्ता टाकून तेवढाच ब्लॉक करायचा, हे काम अधूनमधून बसून करावंच लागतं. माझ्या पानावर जास्तीत जास्त पैसे याच जाहिरातींचे यायचे, त्यामुळे कमाई खाली आली, ती यायचीच होती. पण गोव्याच्या टाऊन प्लॅनिंग कायद्यातल्या, जमिनीचा झोन बदलू देणाऱ्या १७(२) कलमावर लिहिलं तेव्हा खाली चर्चा झाली ती १७(२) चीच, व्हिलाचा विषय कोणी काढला नाही. मला तेवढं पुरे.

मीठमसाला

रेसिपीवाल्यांचं दुखणं वेगळं असतं ते सांगते. लेख वाचणारा माणूस कुठेतरी बसलेला असतो, रेसिपी वाचणारी बाई ओट्यापाशी उभी असते, फोन डब्याला टेकवलेला, एक हात खोबऱ्याच्या वाटणात, गॅसवर काहीतरी लागायच्या बेतात, आणि तिला बघायचं असतं एवढंच की खतखत्यात तिरफळं किती आणि कधी घालायची. ती अंगठा लावते तेवढ्यात वर कुठेतरी जाहिरात लोड होते, अख्खं पान चार बोटं खाली सरकतं आणि अंगठा पडतो जाहिरातीवर, भलतीच साईट उघडते, परत यावं तर पान पहिल्यापासून. चवथीच्या दिवसांत मला सगळ्यात जास्त मेसेज याच गोष्टीचे यायचे. फोंड्याच्या एका काकी म्हणाल्या, बाय, मी आता तुझी रेसिपी आदल्या दिवशी वहीत उतरवून घेते आणि वही घेऊन करते.

भाच्याला दाखवलं, त्याला या कोडमधलं कळतं. त्याने जाहिरातीच्या डब्याला आधीच उंची ठरवून दिली, म्हणजे जाहिरात उशिरा आली किंवा आलीच नाही तरी तेवढी जागा राखलेली राहते आणि मजकूर हलत नाही. या सरकण्याचं गुगलकडे मापही आहे, सीएलएस म्हणतात, ०.१ च्या आत असलं की पान चांगलं धरतात. एवढ्या एका गोष्टीने मेसेज थांबले.

दुसरं मी स्वतः ठरवलं की साहित्यापासून शेवटच्या पायरीपर्यंत मध्ये एकही जाहिरात येणार नाही. एक वर फोटोनंतर, एक कृती संपल्यावर टीपांच्या आधी, बस्स. आणि आवाज करणारा व्हिडिओ कुठेच नाही, दुपारी घरातलं बाळ झोपलेलं असतं आणि फोन एकदम ओरडायला लागला तर ती बाई माझं पान पुन्हा का उघडेल? कोअलिशन फॉर बेटर ॲड्स म्हणून एक गट आहे, त्यांनी २०१७ मध्ये लोकांना विचारून नकोशा जाहिरातींची यादी काढली, त्यात पॉप-अप आहेत, आपोआप आवाजासकट चालू होणारे व्हिडिओ आहेत, आकडे मोजत थांबवणारी पूर्ण पानाची जाहिरात आहे, आणि मोबाईलवर मजकुराच्या मानाने जाहिराती ३० टक्क्यांच्या वर गेल्या तर तेसुद्धा आहे. २०१८ पासून क्रोम अशा गोष्टी पुन्हा पुन्हा करणाऱ्या साईटच्या जाहिराती अडवतो. ती यादी वाचताना मला आमच्या काकीच बोलतायत असं वाटत होतं.

वाळपईचा वाचक

मी फक्त वाचक. आमच्या बाजूला रेंज एका कोपऱ्यात येते आणि पावसाळ्यात तीही जाते. लिहिणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे की आधी अक्षरं येऊ द्या, मग जाहिरात येऊ द्या. कित्येक साईटवर पान पांढरंफटक राहतं आणि वरची पट्टी मात्र फिरत असते, कदंब बसमध्ये बसून वाचायला घ्यावं तर माझा स्टॉप येईपर्यंत पहिली ओळ नाही. आणि खाली चिकटून बसणारी पट्टी असते तिची फुली एवढी बारीक का ठेवतात, माझ्या वयाच्या माणसाचं बोट तिच्यावर नेमकं पडत नाही आणि मग जाहिरातच उघडते. त्यापेक्षा मी पानच बंद करतो.

पडद्यामागे

नाटकवाला बोलतोय. आमच्या गावात जत्रेच्या नाटकात देणगीदारांची आणि बक्षिसांची नावं पूर्वी चालू प्रवेश थांबवून माईकवरून वाचायचे. नायिका रडतेय, समोर बायका डोळे पुसतायत आणि मध्येच 'अमुक यांच्याकडून बक्षीस'. पैसे देणारा खूश व्हायचा पण प्रेक्षकांचा जीव जायचा आणि नटाला सूर परत पकडायला किती त्रास व्हायचा ते मी विंगेतून बघितलंय. मग तरण्या मुलांनी कमिटीत भांडून ठरवलं की सगळी नावं तिसऱ्या घंटेच्या आधी, एकदाच, नीट, मानाने वाचायची. देणगी कमी झाली नाही, उलट ज्याचं नाव गर्दीत विरून जायचं ते आता सगळे शांतपणे ऐकतात.

ब्लॉग सुरू केला तेव्हा तोच कायदा लावला. नाटकाच्या परीक्षणात मध्ये काही नाही. वर एक ओळ, 'या महिन्याचे सहकार्य', आणि खाली एक वेगळं पान, त्यात सगळे जाहिरातदार: वेशभूषा भाड्याने देणारे, रंगभूषाकार, लाईट-साऊंडवाले, पडदे-सेटवाले, ऑर्गन आणि तबल्याची साथ करणारे. माझे वाचक म्हणजे गावोगावच्या नाटक मंडळांची माणसं, त्यांना या माणसांचे नंबर हवेच असतात. दिवाळी झाली, जत्रा सुरू झाल्या की सगळ्यात जास्त उघडलं जाणारं पान हे जाहिरातींचंच असतं, लेख त्याच्यानंतर. यादी जुनी झाली की लोक मला रागावतात की अमक्याचा नंबर बदलला, तुम्ही बदलला नाही.

म्हणून माझं मत पक्कं आहे, आपल्यासारख्या छोट्या ब्लॉगला ओळखीच्या धंद्याची थेट जाहिरात. पैसे मी सीझनचे एकदम घेतो, यूपीआयवर, आणि पावती देतो. आधी त्या माणसाचं काम स्वतः बघतो, कारण नाटकाच्या रात्री लाईटवाला आलाच नाही तर मंडळाची माणसं मलाच विचारणार आणि ते बरोबरच आहे.

नवीन_लेखणी

ॲडसेन्सचे पैसे प्रत्यक्षात हातात कधी येतात? मी म्हापशातून लिहिते, दिवसाला शंभरएक लोक वाचतात.

कुळागर

ताई, १० डॉलर जमले की पत्ता तपासायला पोस्टाने एक पिन येतो, तो टाकावा लागतो, आणि खात्यात पैसे यायला १०० डॉलर पूर्ण व्हावे लागतात. शंभर वाचकांवर ते व्हायला फार वेळ जातो, तोवर पान जाहिरातींनी भरून काय मिळवणार? पडद्यामागे यांनी लिहिलंय तसा म्हापशाच्या बाजारातला एखादा मसालेवाला, कोकमवाला गाठा. आणि 'जाहिरातीवर क्लिक करून मला मदत करा' असं कधीही लिहू नका, नियमात बसत नाही, खातं बंद होऊ शकतं. घरच्या माणसांनाही सांगून ठेवा.

पायवाट

मी होमस्टे, कुळागरं म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, धबधबे यावर लिहिते, माझ्याकडे जाहिरात येते ती लेखाच्या रूपात. राहायला फुकट, वर थोडे पैसे, आणि लेख छान हवा. मी घेते, लपवत नाही. लेखाची पहिलीच ओळ असते, 'जाहिरात: या मुक्कामाचा खर्च मालकांनी केला आहे'. मराठी लेखाला मराठीतच, शीर्षकाच्या लगेच खाली, फोटोच्या आधी. एएससीआय या जाहिरातवाल्यांच्याच स्वनियमन संस्थेचे २०२१ चे नियम आहेत, केंद्र सरकारनेही २०२३ मध्ये सांगितलंय की हे वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटता कामा नये, हॅशटॅगच्या ढिगात टाकून चालणार नाही. त्या लेखातल्या लिंकला कोडमध्ये स्पॉन्सर्ड असं लावायचं असतं, गुगलने २०१९ पासून ती सोय दिली आहे.

पण नियमापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. सांग्याकडच्या एका जागेच्या मालकांना पावसात शेवटचा रस्ता छोट्या गाडीने जात नाही हे वाक्य काढून हवं होतं. मी काढलं नाही, पैसे परत केले, राहण्याचा खर्च मी भरला आणि लेख तसाच छापला. पुढच्या पावसात एक कुटुंब म्हाताऱ्या आजीला घेऊन तिथे गेलं, जाण्याआधी मोठी गाडी ठरवली, आल्यावर मला लिहिलं की ताई तुमचं ते एक वाक्य वाचलं म्हणून आमचं निभावलं. आता इतर मालक मला बोलावतात तेव्हा त्यांना हे आधीच सांगते, जे गैरसोयीचं असेल तेही लिहिलं जाईल. काही जण नाही म्हणतात. जे हो म्हणतात त्यांच्याकडे माझे वाचक खात्रीने जातात.

जुनी_पाटी

मी जुन्या शिक्षकांवर, भजनी मंडळांतल्या लोकांवर, दशावतारी कलाकारांवर लिहितो. यातले बरेच लेख श्रद्धांजलीचे असतात आणि तिथे मी जाहिरात येऊच देत नाही. ऑटो ॲड्समध्ये ठराविक पानं वगळायची सोय आहे, लेख टाकायच्या आधी त्याचा पत्ता तिथे घालतो. गेलेल्या माणसाच्या फोटोखाली विम्याची नाहीतर लग्न जुळवण्याची जाहिरात त्यांच्या मुलांनी बघावी, हे कुठल्याच पैशासाठी नको. घरची माणसं तो लेख नातेवाइकांना पाठवतात, बाराव्याला प्रिंट काढून ठेवतात. दोन पानांमध्ये अख्खा स्क्रीन झाकणारी विग्नेट नावाची जाहिरात असते, तिचा स्विच वेगळा आहे, तो मी सगळ्याच ब्लॉगवर बंद ठेवलाय. तुम्हीही बघून घ्या, आपोआप चालू असू शकतो.

मडगावकर

माझं मत वेगळं. मी सगळ्या जाहिराती काढल्या आणि लेखाखाली यूपीआयचा क्यूआर ठेवला. महिन्याला नियमित काही येत नाही, पण वर्षाचं होस्टिंग निघतं, आणि देणारा माणूस दोन ओळी लिहितो ते मला जास्त मोलाचं. जाहिराती अडवणारं ॲडब्लॉकर काढा मगच वाचायला मिळेल, असा अडसर घालणाऱ्या साईटवर मी स्वतः थांबत नाही, मग दुसऱ्याला का थांबवू?

कुळागर

होस्टिंगपुरतं ठीक आहे, पण मला पेडणे ते काणकोण फिरावं लागतं, ते क्यूआरवर निघणार नाही. ज्याला जाहिरात हवीच आहे त्याच्यासाठी हा धागा चालू ठेवूया.

मीठमसाला

वाळपईच्या दादांना विनंती, तुमच्या रेंजमध्ये माझं पान एकदा उघडून बघाल का? अक्षरं आधी येतात असं भाचा म्हणतो, पण तो पणजीत वायफायवर बसून बघतो. खालची चिकटपट्टी मी काल बंद केली आहे, तरी तुमच्या फोनवर दिसली तर इथेच लिहा, त्याला रविवारी बसवते.

वाळपईचा वाचक

बघतो ताई. आंबाड्याच्या सासवाचं उघडतो, बायकोला तेच हवंय.