ऑइलमध्ये चमकणारे चपटे कण: बेअरिंग झिजले असेल का?

प्रश्न
माझ्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाचे ऑइल काल बदलताना भांड्याच्या तळाशी चमकणारे कण दिसले. बोटांत चोळून पाहिले, तर त्यांत बारीक पापुद्रे हाताला लागले आणि त्यांतील बहुतेक लोहचुंबकाला चिकटले नाहीत. इंजिन गरम झाल्यावर खालून ठकठक ऐकू येते, मात्र ऑइलचा दिवा लागत नाही. इंजिन उघडण्याआधी काय तपासावे?

उत्तर १
कण चुंबकाला चिकटत नाहीत म्हणून निश्चिंत होऊ नये. बेअरिंगची पाठ पोलादी असली तरी क्रँकला (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) लागणारा थर मऊ धातूचा असतो आणि झीज तेथूनच सुरू होते. कण तांबूस असतील, तर वरचा थर जाऊन खालचा तांबेमिश्रित थर उघडा पडला असण्याची दाट शक्यता आहे. पांढरट ॲल्युमिनियमचे असतील, तर ते बेअरिंगचे की पिस्टनचे हे रंगावरून ठरत नाही. फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडून पाहाव्यात, पण करवत वापरू नये, कारण तिचाच कीस कागदावर पडतो आणि मग कशाचे काय हे कळेनासे होते.

उत्तर २
दिव्यावर विसंबू नका. दाब फारच खाली गेल्याशिवाय तो लागत नाही. दाबाच्या स्विचच्या जागी काट्याचे गेज लावून गरम इंजिनाचा दाब मोजा आणि माहितीपुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहा. एकेका इंजेक्टरचा (सिलिंडरसाठी इंधन फवारणाऱ्या भागाचा) कनेक्टर काढल्यावर ज्या सिलिंडरपाशी ठकठक मंदावेल, त्याच्या कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर पहिला संशय घ्यावा. ही चाचणी मिनिटभरात आटोपा.

प्रश्नकर्ता
फिल्टर उघडला. घड्यांमध्ये तांबूस पापुद्रे आहेत आणि तिसरा इंजेक्टर बंद केल्यावर आवाज स्पष्टपणे कमी होतो.

उत्तर १
मग आता इंजिन अजिबात सुरू करू नका. बेअरिंग आपल्या बैठकीतून सुटून फिरले किंवा रॉड तुटला, तर क्रँक आणि ब्लॉक दोन्ही हातचे जातील. चेंबर (इंजिनाच्या तळाचे ऑइलचे पात्र) उतरवून तिसऱ्या रॉडची कॅप काढा आणि क्रँकच्या जर्नलवरून (बेअरिंग ज्यावर बसते त्या गोल भागावरून) नख फिरवा. नख अडकले, तर क्रँक ग्राइंडिंगला द्यावाच लागेल. जर्नल गुळगुळीत वाटला तरी मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजा, कारण अंडाकार झिजलेल्या जर्नलवर बसवलेले नवे बेअरिंग टिकत नाही. ऑइलच्या वाहिन्या आणि कूलर धुतल्याशिवाय जोडणी करू नका. तेथे अडकलेले कण नव्या बेअरिंगमध्येच येऊन रुततात.